एका तासाची किंमत

३ मार्च, सोमवार. सकाळी ८

डॉक्टर म्हणाले, राग आला की कोणावर काढू नका, वहीत लिहा. म्हणून ही वही. दोनशे पानी. मला राग येतच नाही, तेव्हा एवढी पानं भरायची कशाने हा प्रश्न आहे. बायको म्हणाली, एक वही महिनाभर पुरेल का? ती नर्स आहे. दिवसभर आजारी माणसांत राहून या लोकांना भलत्या वेळी विनोद सुचतात. मी मनावर घेतलं नाही. दार आपटलं ते वाऱ्याने.

रक्तदाब १५८/९६. मशीन जुनं झालंय.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. चहा दिवसातून दोनच. कोणी मूर्खासारखं बोललं तर मनात दहा आकडे मोजायचे.

३ मार्च, संध्याकाळी ६.३०

दहा आकडे पुरत नाहीत.

डॉक्टर म्हणाले होते, सगळं सुरुवातीपासून लिहा म्हणजे डोकं रिकामं होतं. तर सुरुवातीपासून. आमचा कारखाना बुटांचा, पण साध्या बुटांचा नव्हे. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची टाच वाकडी, कोणाला मधुमेहाने तळव्याला जखमा. अशांचे बूट मापाने बनवतो. गिऱ्हाईक काचेवर उभं राहतं, माप घेणारी मुलगी पाय नीट धरते, खालून मशीन पायाचं माप घेतं, माप सर्व्हरवर जातं, तिथून कापायच्या मशीनला, आणि शेवटी आमचे बूटमास्तर हाताने जोड पुरा करतात. मी व्यवस्थापक. बावीस वर्षं झाली. किल्ल्या, वीजबिल, पाण्याची टाकी, सर्व्हरची खोली, सगळं माझ्याकडे.

आज बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. बाई म्हणजे मालकीण, थोरल्या मालकांची मुलगी. मी नोकरीला लागलो तेव्हा या दुसरीत होत्या आणि माझ्या टेबलाखाली बसून माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायच्या. आता खुर्चीत बसून तेच करतात.

कुठल्याशा परिषदेत त्यांना कोणीतरी भेटलं, ज्याचा सर्व्हर बसला आणि आठ वर्षांचं काम गेलं. झालं. तेव्हापासून यांच्या जिवाला घोर. बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणे. तीन कोटेशनं मागवा, खर्च तोलून पाहा, कुठलं परवडतं ते एकवीस तारखेला सांगा.

मी शांतपणे सांगितलं की बॅकअप आहे. मी घेतो. दर शुक्रवारी पाच वाजता, नऊ वर्षं, एकही शुक्रवार न चुकता. रजिस्टरवर सही आहे. शिवाय सर्व्हरच्या पोटात दोन डिस्क, एकीवर जे आहे तेच दुसरीवर. म्हणजे बॅकअपचाही बॅकअप. यावर बाई विचारतात, त्या बॅकअपमधून कधी काही परत काढून पाहिलंत का? मी म्हटलं, विम्याची पॉलिसी खरी आहे का हे बघायला कोणी घर पेटवून बघतं का? आवाज चढला नव्हता. केबिनमधला पंखा फार आवाज करतो, त्यावर पोचायला जरा मोठ्याने बोलावं लागतं. बाहेर सगळे माना वळवून का बघत होते ते कळलं नाही.

चहा चार.

५ मार्च, बुधवार

पहिला विक्रेता आला. टाय लावून. इतकं हळू बोलतो की समोरचा माणूस ओरडतोय असंच वाटावं. ही या लोकांची युक्ती असणार.

किंमत सांगायच्या आधी त्यानेच मला प्रश्न विचारला. "सर्व्हर एक तास बंद राहिला, तर तुमचं नुकसान किती होतं?"

मी म्हटलं, किंमत सांगा. तो म्हणाला, तिकडेच येतोय. तासाच्या नुकसानीचा आकडा हातात आल्याशिवाय सॉफ्टवेअर महाग की स्वस्त हे ठरवताच येत नाही. वा रे वा. म्हणजे भाजीवाल्याने आधी विचारायचं की तुम्ही उपाशी राहिलात तर किती वाळाल, आणि मग बटाट्याचा भाव सांगायचा.

मग सर्व्हर बघायचाय म्हणाला. दाखवला. सर्व्हरच्या तोंडावर मी एक लेबल चिकटवलं आहे, त्यालाच हात घालायला लागला. मी म्हटलं, वाचता येतं ना? लेबलवर लिहिलंय, हात लावू नये. लेबलाखाली एक केशरी दिवा आहे. गेलं वर्षभर तो उगीच लुकलुकायचा आणि काचेतून थेट माझ्या डोळ्यात यायचा. लेबल लावल्यापासून काही त्रास नाही. टायवाल्याने तोंड उघडलं होतं, पण मी त्याला दारापर्यंत सोडायला निघालो तेव्हा मिटलं.

बावीस वर्षांत मला कोणी तासाची किंमत विचारली नाही. टायवाला येऊन गेल्यापासून डोक्यात तेच. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तो तिचा स्वभावच आहे.

७ मार्च, शुक्रवार. ५.०५

बॅकअप झाला. सही केली. डिस्क नऊ नंबरच्या बुटांच्या खोक्यात, खोकं कपाटात, किल्ली खिशात.

मुद्दाम वेळ मोजून पाहिली. चार सेकंद. सुरुवातीला चाळीस मिनिटं लागायची. गेल्या दीडएक वर्षात डिस्कचा हात बसला आहे. मध्ये स्क्रीनवर एक चौकट येते, तिच्यात इंग्रजीत बारीक अक्षरात काहीतरी असतं, मी ‘ओके’ दाबतो आणि काम फत्ते. टायवाल्याचं सॉफ्टवेअर हेच काम करायला रात्रभर घेणार म्हणे. आणि त्याचे पैसे घेणार.

१० मार्च, सोमवार

तिन्ही कोटेशनं आली. तिन्ही वाचली. खिडकी उघडून थोडा वेळ उभा राहिलो.

स्वस्तवालं वर्षाला चाळीस हजार. बरं वाटलं. चौथ्या पानावर बारीक टाइपात: परत मिळवायचे पैसे वेगळे, जेवढं परत हवं तेवढ्या प्रमाणात. म्हणजे धोब्याने कपडे धुवायचे पैसे घ्यायचे आणि परत देताना पुन्हा एकेका सदऱ्याचे मागायचे. फोन करून विचारलं की हा कुठला न्याय. पलीकडच्या बाईंनी मला शांत व्हायला सांगितलं. मी शांतच होतो. त्यांचा फोन खराब असणार.

मधलं नव्वद हजार, पण दर कॉम्प्युटरमागे भाव. कारखान्यात कॉम्प्युटर चौदा. त्यातला एक बूटमास्तरांचा, त्यावर ते टोपी ठेवतात. टोपी ठेवायच्या खुंटीचा बॅकअप घ्यायचे साडेसहा हजार देणार कोण?

टायवाल्याचं एक लाख ऐंशी हजार. यात सगळं आलं, परत मिळवणंसुद्धा. शिवाय दर महिन्याला एकदा हे लोक येऊन खोटं खोटं संकट आणणार आणि सगळं परत काढून दाखवणार. एक लाख ऐंशी हजारांत नाटकाचे बारा प्रयोग. सर्व्हर घेतला तेव्हा त्याची किंमत याच्या निम्मी होती. नाकापेक्षा मोती जड.

अंथरूण पाहून पाय पसरावेत. बाईंना हे ऐकवायचं असं ठरवलं, पण त्या बाहेर होत्या. मग मास्तरांना ऐकवलं. मास्तर म्हणाले, खरंय, आणि टाच घासत राहिले.

१२ मार्च, बुधवार

बाईंचा निरोप: तक्त्यात एक रकाना हवा. तासाचं नुकसान. त्याच्याशिवाय तीन किमती कशाशी तोलणार?

म्हणजे टायवाला बाईंनाही भेटून गेला. माझ्या पाठीमागे.

वही घेऊन खात्याखात्यात फिरलो. कापायच्या मशीनवाला म्हणाला, तासाला चार जोड, म्हणजे साधारण साठ हजार. पण मशीन निम्मा वेळ बंदच असतं, तेव्हा तीस धरा. हिशेबनीस म्हणाले, पाच हजार. कसे? तर अंदाजे. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की सर्व्हर चालू असतानाही इतका हळू चालतो की बंद पडला तर तिला कळणार नाही. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, माप एकदा कागदावर छापून हातात आलं की पुढे मला सर्व्हर लागत नाही. म्हणजे शून्य.

तीस हजार, पाच हजार, शून्य. एका कारखान्यात तीन उत्तरं. ज्याला स्वतःचं काम माहीत नाही तो दुसऱ्याचं नुकसान काय सांगणार! उंटावरचे शहाणे. मी एवढंच म्हणालो. थोडं जास्त म्हणालो असेन.

रक्तदाब १६४/९८. बायकोने मशीन बदललं, तरी तेच. म्हणजे दोन्ही मशीनं बिघडलेली.

१४ मार्च, शुक्रवार. ५.०५

बॅकअप झाला. चार सेकंद. ओके. सही.

तक्ता बाईंना दाखवला. सात रकाने, तीन रंग. बाईंनी रंग बघितलेच नाहीत. बोट थेट सातव्या रकान्यावर. तो रिकामा. त्या म्हणाल्या, बाकी सगळं छान आहे, पण हे नसेल तर मला काही ठरवता येणार नाही. एवढं गोड बोलल्या की अंगाचा तिळपापड झाला. थोरले मालक असते तर सरळ शिवी दिली असती. शिवीला उत्तर देता येतं.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ७

आंघोळ करताना सुचलं. इतकं सोपं होतं की स्वतःचीच लाज वाटली.

विचारत कशाला बसायचं? मोजायचं. हातच्या काकणाला आरसा कशाला? सर्व्हर एक तास बंद ठेवायचा, आणि त्या तासात कारखान्याचं काय बिघडतं ते घड्याळ लावून लिहून काढायचं. कुठल्याही विक्रेत्याने हे केलेलं नसणार. करायची हिंमत नाही, कारण उत्तर शून्य येईल आणि त्यांची दुकानं बंद पडतील.

गुरुवार, दुपारी दोन ते तीन. जेवणानंतरची सुस्ती. बाई गावाला. कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तर लोक मुद्दाम अडल्यासारखं करतील.

राग आज अजिबात नाही. चहासुद्धा दोनच.

१९ मार्च, बुधवार

जेवताना बायकोला योजना सांगितली. तिचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "पेशंटचं हृदय तासभर बंद ठेवून त्याची किंमत काढत नाहीत."

मी समजावून सांगितलं की सर्व्हर म्हणजे पेशंट नव्हे. बटण आहे. दाबलं की बंद, दाबलं की चालू. तिने विचारलं, शेवटचा कधी बंद केला होता? मी म्हटलं, कधीच नाही, सहा वर्षं अखंड चालू आहे, इतकं उत्तम यंत्र आहे. यावर ती ताटं उचलायला लागली. हरली की ती असंच करते.

२० मार्च, गुरुवार

२.००. सर्व्हर बंद केला. रीतसर, स्क्रीनवरून. पंखे थांबले. खोलीत एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

२.०८. कोणी काही म्हणालं नाही.

२.१५. रिसेप्शनवरची मुलगी माप शोधतेय. सापडत नाही. गिऱ्हाइकाला म्हणाली, आज जरा स्लो आहे. गिऱ्हाईक म्हणालं, चालेल. नोंद: नुकसान शून्य.

२.२५. कापायचं मशीन चालू. त्याच्या पोटात सकाळचं काम आहे. शून्य.

२.३१. हिशेबनीस डुलक्या काढतायत. सर्व्हर चालू असतानाही काढतात. शून्य.

२.४५. राहवलं नाही. बाईंना मोबाईलवर मेसेज केला: ‘सर्व्हर ४५ मिनिटं बंद. नुकसान शून्य. सविस्तर अहवाल उद्या.’ बाईंचं उत्तर लगेच आलं: ‘कोणी बंद केला?’ मी लिहिलं: ‘मी.’ अभिमानाने लिहिलं, ते आता कबूल करतो.

२.५५. मशीनवाला आला. पुढचं माप येत नाही म्हणाला. पाच मिनिटं थांब म्हटलं. थांबला. शून्य.

३.००. प्रयोग यशस्वी. एका तासाची किंमत शून्य. बटण दाबलं.

३.०२. पंखे सुरू. गुर्र आवाज.

३.०६. काळा पडदा. त्यावर पांढरी इंग्रजी ओळ. वेळ लागतो. सहा वर्षांनी उठतोय.

३.१५. बंद करून चालू केला.

३.२०. पुन्हा. आतून टकटक आवाज येतोय, कोणी नखाने दार वाजवावं तसा.

३.५०. बाजूने एक थाप मारली. नंतर दुसरी, तीही त्याच उद्देशाने, पण जोरात. लेबल खाली पडलं. केशरी दिवे आता दोन आहेत.

४.३०. एकूण अकरा वेळा चालू करून पाहिला. मशीनवाला, मुलगी, हिशेबनीस, सगळे दारात. मी म्हटलं, तमाशा आहे का इथे? कोणी हललं नाही. मास्तर तेवढे आत आले, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि गेले.

२१ मार्च, शुक्रवार

दुरुस्तीवाला सकाळीच आला. हा माणूस जिभेने चुकचुक करत काम करतो. जीभ त्याची आणि डोकं माझं फिरतं. म्हणाला, दोनपैकी एक डिस्क वर्षापूर्वीच मेलेली, हा केशरी दिवा तेच सांगत असतो, तुम्हाला दिसला नाही? मी म्हटलं, दिसत होता, म्हणूनच झाकला. दुसरी डिस्क म्हातारी. म्हातारं माणूस चालतंय तोवर चालतं, एकदा टेकलं की उठत नाही. बंद कशाला केलीत म्हणाला. प्रयोगाचा हेतू त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. अडाणी माणूस.

तरी मी घाबरलो नव्हतो. बॅकअप आहे. नऊ वर्षांचा. बाई आल्या होत्या, त्यांच्यासमोर कपाट उघडलं, खोकं काढलं, डिस्क दुरुस्तीवाल्याच्या हातात अशी दिली की बघ. त्याने जोडली. बघितलं. चुकचुक थांबवली.

डिस्क एकोणीस महिन्यांपूर्वीच भरली होती. चौकटीत तेच लिहिलेलं असायचं: जागा नाही, काही कॉपी झालेलं नाही. खाली ओके. मी दर शुक्रवारी ओके म्हणत होतो.

म्हणजे गेल्याच्या गेल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंतचे पाय आमच्याकडे आहेत. त्यानंतरचे नाहीत. पाचशे सत्तर माणसं. अकराशे अडतीस पाय, कारण दोघांना एकेकच आहे. चौसष्ट जोड अर्धे कापून टेबलावर पडलेत, कोणाचे ते नंबरवरून कळतं आणि नंबर सर्व्हरमध्ये.

यात चूक चौकट बनवणाऱ्याची आहे. ‘ओके’ म्हणजे ठीक आहे. जागा नसताना ओके हा शब्द तिथे ठेवतंच कोण? या माणसाला माझ्यासमोर उभा करा. मला एवढा संताप बावीस वर्षांत आला नव्हता. बाईंना हेच सांगत होतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, एकोणीस महिन्यांत एकदा तरी वाचलंत का?

आज तक्ता द्यायचा दिवस होता. कोणी मागितला नाही.

बॅकअप घेतला नाही. कशाचा घेणार? रजिस्टरवर सही मात्र केली. नंतर खोडली.

२४ मार्च, सोमवार

मेलेल्या डिस्कमधून माल काढणारी एक प्रयोगशाळा आहे. दोन लाख चाळीस हजार. निम्मे आगाऊ, निघालं नाही तरी परत नाहीत. टायवाल्याचं एक लाख ऐंशी हजारांचं नाटक मी महाग म्हणत होतो. आता इथे बाईंनी सही करताना भावसुद्धा केला नाही. माझ्याच पायावर मीच धोंडा पाडून घेतला, असं हिशेबनीस मशीनवाल्याला सांगत होते. मी मागेच उभा होतो. ऐकून काढता पाय घेतला.

प्रयोगशाळेच्या माणसाने फोनवर विचारलं, बंद पडल्यावर किती वेळा चालू करून पाहिलंत? मी दोन म्हणालो.

बायको कामावरून आल्यापासून एक अक्षर बोललेली नाही. "मी म्हणत होते" असंसुद्धा नाही. याचा राग जास्त येतो.

२६ मार्च, बुधवार

गिऱ्हाइकांचे फोन. शनिवारच्या जोडांचं काय झालं? तांत्रिक अडचण, असं मी सांगतो. एक बाई म्हणाल्या, दिवसाचे दहा तास ओव्हनसमोर उभी असते, जुन्या बुटाची टाच गेली, किती दिवस उभं राहायचं असं? बेकरी आहे त्यांची. मी म्हटलं, बसून काम करा. फोन रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्या हातातून घेतला. तेव्हापासून फोन तीच घेते.

बरं झालं. मला तरी कुठे वेळ आहे.

२ एप्रिल, बुधवार

प्रयोगशाळेचं पत्र आलं. काही निघालं नाही. डिस्क पुन्हा पुन्हा चालू केल्यामुळे आतली चकती खरवडली गेली. किमान दहा वेळा, असा त्यांचा अंदाज. अंदाज चुकलाय. अकरा.

बाईंनी बोलावलं. खुर्चीत बसा म्हणाल्या. मी बावीस वर्षांची सेवा, थोरल्या मालकांचा विश्वास, चौकटीतली भाषा असे तीन मुद्दे कागदावर काढून नेले होते. राजीनामाही नेला होता, वरच्या खिशात, दिसेल असा. थोडा बाहेर काढून ठेवला होता.

त्यांनी खिशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय तुम्ही घालवलेत. आता एकेक पाय तुम्हीच परत आणायचा. सगळे झाले की मग ते पत्र द्या, हवं असेल तर."

पाचशे सत्तर माणसांना परत बोलवायचं. मापाच्या काचेशी मी बसायचं. माप घेणारी मुलगी तोवर माझ्या टेबलावर बसून किल्ल्या, वीजबिल आणि टाकी बघणार. तिला तिथे काय कळणार आहे? आठ दिवसांत माझ्याकडे धावत येईल.

७ एप्रिल, सोमवार

नवा सर्व्हर आला. टायवाल्याचं सॉफ्टवेअर बसलं. तो स्वतः आला होता. मला वाटलं, आता टोमणा मारेल, मी तयारीत होतो, उत्तरंही ठरवून ठेवली होती. त्याने एकही मारला नाही. नमस्कार केला, वायर लावली. याच्याइतका कोडगा माणूस मी पाहिला नाही.

शेवटी फॉर्म पुढे केला. त्यात तो रकाना होता. सर्व्हर एक तास बंद राहिल्यास होणारं नुकसान. भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही म्हणाला. हिशेबनिसांनी आठवडाभर बसून आकडा काढला होता: प्रयोगशाळा, नवा सर्व्हर, वाया गेलेले चौसष्ट जोड, गिऱ्हाइकांना द्यायचं येण्या-जाण्याचं भाडं. बाईंनी मलाच लिहायला सांगितला. रकाना फार छोटा ठेवलाय त्या लोकांनी. शेवटची दोन शून्यं बाहेर गेली.

माप घेणारी मुलगी माझ्या टेबलावर ठीक आहे. अजून धावत आली नाही.

९ एप्रिल, बुधवार

दिवसाला तीस पाय. काचेपुढे गुडघ्यावर बसायचं, टाच दोन्ही हातांत धरायची, मध्यावर ठेवायची, माप होईपर्यंत श्वास धरायचा. हलली तर पुन्हा. बेकरीवाल्या बाई पहिल्याच दिवशी आल्या. मला ओळखलं, आवाजावरून. वीस मिनिटं बोलल्या. वरून. मला बरंच काही उत्तर द्यायचं होतं, पण टाच सुटली असती. गुडघ्यावर बसून रागावता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

गेल्या महिन्यासारखं इथे कोणाला तासाचं नुकसान विचारावं लागलं नाही. प्रत्येकजण आपण होऊन सांगतो. कोणाची अर्ध्या दिवसाची मजुरी, कोणाच्या दोन बस. एकाने मुलीला परीक्षा बुडवून आणलं.

रक्तदाब १४२/८८. मशीन बिघडलंच असणार.

१७ एप्रिल, गुरुवार

आतापर्यंत दोनशे दहा पाय. पंधरा पुन्हा घ्यावे लागले, टाच माझ्या हातातून सरकते.

दुपारी एक आजोबा आले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता निवृत्त. डावा पाय दीड इंच आखूड. नव्या बुटासाठी डिसेंबरात माप दिलं होतं, ते गेलं. सांगितलं तर म्हणाले, यंत्र आहे, बंद पडायचंच, त्यात कोणाचा दोष? मोजा घडी करून खिशात ठेवला आणि पाय काचेवर ठेवला. पहिल्यांदा हलला. दुसऱ्यांदा मी हललो. तिसऱ्यांदा त्यांनीच वाकून माझा अंगठा धरला आणि घोट्याच्या खाली, हाडाच्या खळगीत नेऊन ठेवला. मागच्या वेळची मुलगी असं धरायची म्हणाले. माप झालं.

मग माझ्याकडे बघून विचारलं, "नवीन लागलात का?"

भिंतीवर थोरल्या मालकांचा फोटो, कपाटावर माझ्या अक्षरातली लेबलं, रजिस्टरात माझ्या नऊ वर्षांच्या सह्या. सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य तोंडात आलंही होतं.

मी हो म्हणालो.

ते म्हणाले, मग जमेल हळूहळू, आणि दुसरा पाय पुढे केला.